उशिरा आलेले उत्तर आणि पुन्हा वापरलेला क्रमांक : नोंदयंत्रातील साठवण वारंवार बिघडण्याचे निदान

लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात ज्यांना पुढील तीन लक्षणे एकत्र दिसत असतील, त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या फाइलच्या मधोमध जुनाच मजकूर सापडतो. फाइल सिस्टीमची तपासणी केली तर ती निर्दोष निघते. आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याच सुमारास साठवणीच्या टाइमआउटची, म्हणजे ठरल्या मुदतीत उत्तर न आल्याची, एखादी ओळ असते, जी पाहणारा प्रत्येकजण ‘फ्लॅश हळू चालते आहे’ असे म्हणून पुढे जातो. आमच्याकडे हा दोष जवळपास वर्षभर राहिला आणि त्यातला बराच काळ आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील नौकांना बर्फ पुरवणाऱ्या एका कारखान्यात आमचे नोंदयंत्र बसवलेले आहे. पाण्याने भरलेले साचे उणे दहा अंशांच्या आसपासच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवून लाद्या तयार करायच्या, ही तिथली जुनी पद्धत. त्या टाकीचे तापमान, अमोनिया कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब आणि येणाऱ्या विजेचे व्होल्टेज हे आकडे यंत्र दर सेकंदाला लिहिते. कारखान्याचे व्यवस्थापक तेच आकडे दर तासाला वहीत हातानेही उतरवतात. ही वही नसती तर दोष आमच्या लक्षात आलाच नसता, कारण फाइलमधला चुकीचा भागही दिसायला खराच होता. पहाटेच्या चाळीस-पन्नास सेकंदांच्या जागी केव्हाच पुसून टाकलेल्या जुन्या फाइलमधले आकडे, त्यांच्या तारखेसह, नीट ओळीने बसलेले असत. शिवाय यंत्र चालू असेपर्यंत फाइल बरोबर वाचली जाई आणि वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले की तीच फाइल बिघडलेली निघे, त्यामुळे सगळा संशय विजेवर जात होता.

विजेनंतर संशय गेला तो हवेवर. व्यवस्थापकांचे म्हणणे होते, “अहो, या खाऱ्या हवेत लोखंडाचे गज फुटून बाहेर येतात, तिथे तुमचा डबा काय टिकणार?” किनाऱ्यावर कोणतेही यंत्र बिघडले की हेच कारण दिले जाते आणि ते बहुतेकदा खरेही असते, म्हणून आम्ही कनेक्टर बदलले, सर्किटला संरक्षक लेप दिला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. त्यानंतर मासेमारी बंदीचे दोन महिने, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, एकही दोष आला नाही आणि उपाय लागू पडला असे आम्ही मानले. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या आणि दोष परतला. वास्तविक त्याच वेळी आमच्या लक्षात यायला हवे होते की दमट हवा कारण असती तर ऐन आषाढात, भिंतींना पाणी सुटलेले असताना, दोष वाढायला हवा होता. बंद झाले होते ते कारखान्याचे काम, म्हणजे कॉम्प्रेसरचे चालू-बंद होणे आणि त्यासोबत होणारे लिखाण. दोष हवेशी बांधलेला नव्हता, लिहिण्याच्या भाराशी बांधलेला होता.

पाने भिजलेली नव्हती, पोहोचलीच नव्हती

आपल्या प्रोग्रामची चूक आधी तपासावी हे उघड आहे आणि ते फारसे लांबवण्याचे कारण नाही. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचे, तिच्यावर एफसिंक करायचे (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायला लावायचे), मग नाव बदलायचे आणि त्यानंतर डिरेक्टरीवरही एफसिंक करायचे, हा क्रम पाळलेला असावा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममधील विलंबित वाटपामुळे (डिस्कवरची जागा उशिरा ठरवण्यामुळे) शून्य लांबीच्या फाइली उरण्यावरून २००९ साली जी चर्चा झाली, तिचे मूळ या क्रमातच होते. आमच्या प्रोग्राममध्ये शेवटची पायरी राहिली होती. ती घातली. दोष तसाच राहिला.

खरा उलगडा सुरू झाला तो नुकसानीचा आकार मोजल्यावर. आम्ही एक साधा चाचणी-प्रोग्राम लिहिला, जो डिस्कवरच्या प्रत्येक ४०९६ बाइटच्या तुकड्यात, म्हणजे पानात, त्या तुकड्याचा स्वतःचा क्रमांक, कितव्या फेरीत तो लिहिला ती संख्या आणि शेवटी मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारी सीआरसी-३२ ची बेरीज लिहितो. दोष आल्यावर वाचून पाहिले तेव्हा बिघडलेला भाग नेहमी ४०९६ च्या पूर्ण पटीत होता, तो नेहमी पानाच्या कडेपासून सुरू होत होता आणि त्याच्या आतली बेरीज बरोबर जुळत होती. फक्त फेरीची संख्या मागची होती. गंजलेला कनेक्टर किंवा मरत चाललेली फ्लॅश असे नीटस नुकसान करत नाही. तिथे बेरीज चुकते किंवा वाचतानाच त्रुटी येते. आमच्याकडे लिहायला दिलेले पान डिस्कवर पोहोचलेच नव्हते आणि तरीही कर्नलच्या हिशेबी ते लिहून झाले होते. मेमरीतल्या पेज कॅशमध्ये नवी प्रत असल्यामुळे यंत्र चालू असेपर्यंत वाचणाऱ्याला तीच मिळे. वीज गेली की ती प्रत जाई आणि खालची जुनी उघडी पडे. विजेचा दोष एवढाच की तिने झाकण काढले.

इथेच हेही सांगितले पाहिजे की ई२एफएससीके हे फाइल सिस्टीम तपासणारे साधन निर्दोष म्हणते यावर विसंबू नये. ईएक्सटी४ स्वतःच्या व्यवस्थापकीय नोंदींची बेरीज ठेवते, तुमच्या मजकुराची ठेवत नाही. मजकुराचीही बेरीज ठेवणाऱ्या बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टीमवर हाच दोष बहुधा पहिल्या वाचनातच ओरडला असता. आणि फाइल सिस्टीमवर लगेच खापर फोडण्याचीही घाई करू नये. २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.१९ वर अनेकांचा मजकूर बिघडू लागला तेव्हा सुरुवातीला ईएक्सटी४ कडेच बोट दाखवले गेले, पण दोष निघाला तिच्या खालच्या ब्लॉक स्तरात (डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्या, म्हणजे रिक्वेस्ट, सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागात), आणि तो त्या स्तराची देखभाल करणाऱ्या जेन्स अॅक्सबो यांनी डिसेंबरमध्ये दुरुस्त केला.

दोष हवा तेव्हा आणणे

तीन आठवड्यांतून एकदा येणारा दोष तपासता येत नाही, त्याची फक्त वाट पाहता येते. म्हणून लॉगमधल्या त्या दुर्लक्षित टाइमआउटपासून सुरुवात केली. या बोर्डातील फ्लॅशचा नियंत्रक एकाच वेळी ३२ आज्ञा हाती घेतो आणि त्याचा ड्रायव्हर बोर्ड विकणाऱ्यांनी दिलेला आहे, कर्नलच्या मूळ संचातला नाही. ब्लॉक स्तराची नेहमीची मुदत ३० सेकंदांची असते, ती या ड्रायव्हरने २ सेकंदांवर आणून ठेवली होती. फ्लॅश भरत आली, तिची आतली साफसफाई सुरू झाली आणि त्याच वेळी बत्तीस आज्ञा रांगेत असल्या, की शेवटच्या आज्ञेला दोन सेकंद सहज उलटतात. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जागेत) त्या डिस्कच्या रांगेखाली आयओ-टाइमआउट नावाची फाइल असते, तिच्यात मिलिसेकंदांत आकडा लिहिता येतो. तो २००० वरून १२० वर आणला, फ्लॅश नव्वद टक्के भरून ठेवली, फायो या साधनाने लिहिण्याचा सतत ताण दिला, आणि तीन आठवड्यांचा दोष साधारण अकरा मिनिटांवर आला. इतके झाल्यावर रेस कंडिशनबद्दल, म्हणजे दोन घटनांपैकी कोणती आधी पोहोचते यावर निकाल बदलणाऱ्या दोषाबद्दल, शंका उरली नाही, कारण काहीही न मोडता केवळ वेळा बदलून दोष जवळ आणता आला होता.

पुढे एक दिवस वाया गेला तो माझ्या हट्टामुळे. ड्रायव्हरमध्ये ठिकठिकाणी प्रिंट-के च्या (लॉगमध्ये संदेश छापणाऱ्या) ओळी घातल्या आणि दोष नाहीसा झाला. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर चालत असेल तर एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ऐंशी अक्षरांची एक ओळ जवळजवळ ७ मिलिसेकंद खाते. ज्या दोन घटनांमधले अंतर मायक्रोसेकंदांचे आहे, त्यांच्यामध्ये अशी ओळ उभी केली तर त्या एकमेकींना गाठणारच नाहीत. त्याऐवजी एफट्रेस या कर्नलच्या माग काढणाऱ्या साधनाच्या मेमरीतल्या गोल वहीत नोंद करावी, प्रत्येक प्रोसेसरची वही वेगळी असू द्यावी आणि चाचणी-प्रोग्रामला चुकीचे पान सापडताक्षणी ट्रेसिंग थांबवावे. कर्नल कोसळत असेल तर हा पुरावा पीस्टोअरच्या साहाय्याने राखीव मेमरीत ठेवावा. तो संशयित डिस्कवर लिहिण्यात अर्थ नाही.

तयार साधनांनी काहीच सांगितले नाही आणि ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. केसॅन हे कर्नलचे मेमरी तपासणारे साधन सोडलेली मेमरी पुन्हा वापरली तर पकडते. पण ब्लॉक स्तरात रिक्वेस्टची मेमरी टॅगनुसार (प्रत्येक चालू आज्ञेला दिलेल्या क्रमांकानुसार) आधीच राखून ठेवलेली असते, ती सोडली जात नाही, तीच पुढच्या रिक्वेस्टला दिली जाते, म्हणून केसॅनच्या दृष्टीने काहीच वावगे घडत नाही. लॉकडेप लॉक घेण्याचा क्रम तपासते आणि इथे लॉकचा क्रम चुकलेला नव्हता. दोन प्रोसेसरांची एकाच चलावरची टक्कर शोधणारे केसीसॅन आमच्या ५.१० कर्नलवर एआरएम प्रोसेसरसाठी उपलब्ध नव्हते, आणि असते तरी प्रत्येक चल स्वतंत्रपणे नीट जपलेला असताना दोन नीट पायऱ्यांचा क्रम चुकतो, हे त्याच्या नजरेत येणे कठीणच होते.

ट्रेस मात्र स्पष्ट बोलला. टॅग १७ वर एक रिक्वेस्ट गेली. मुदत उलटल्यावर पहिल्या प्रोसेसरवर टाइमआउटचा हँडलर (ती घटना हाताळणारा ड्रायव्हरचा भाग) धावला, त्याने ती रिक्वेस्ट पुन्हा रांगेत घातली आणि टॅग १७ मोकळा केला. तिसऱ्या प्रोसेसरने तोच टॅग उचलून दुसऱ्याच जागेची २५६ किलोबाइटची रिक्वेस्ट पाठवली, आणि ती ४० मायक्रोसेकंदांत पूर्ण झाल्याची नोंद पडली. ही फ्लॅश एवढे लिखाण एवढ्या वेळात करूच शकत नाही. ट्रेस वाचताना आपण सहसा उशीर शोधतो. इथे अशक्य घाई शोधायला हवी होती.

नेमके काय घडत होते

समजा, बर्फ कारखान्याच्या दारावर बत्तीस पितळी बिल्ले आहेत. १७ क्रमांकाच्या नौकेचा माल निघायला फार वेळ लागतो, म्हणून कारकून तिचे नाव खोडून तिला रांगेच्या शेवटी घालतो आणि १७ चा बिल्ला नव्या नौकेला देतो. मात्र आत बर्फ फोडणाऱ्याला तो काहीच कळवत नाही. आतल्या माणसाच्या हाती आधीचेच काम असते. ते संपवून तो ओरडतो, “सतरा झालं!” कारकून वहीत पाहतो, सतरा म्हणजे आता नवी नौका, आणि तिच्या नावापुढे ‘माल दिला’ असे लिहितो. आधीच्या नौकेला रांगेतून पुन्हा बर्फ मिळतो, म्हणजे तिला दोनदा मिळतो. नवी नौका मात्र रिकामी जाते आणि वही म्हणते की ती भरून गेली.

नियंत्रकात हे शब्दशः घडत होते. प्रत्येक टॅगसाठी नियंत्रकात एक खाच असते आणि ती सुरू करण्यासाठी डोअरबेल रजिस्टरमधला एक बिट चढवायचा असतो. आधीची आज्ञा रद्द न करताच टॅग मोकळा केल्यामुळे सतराव्या खाचेचा बिट अजून चढलेलाच होता. नव्या आज्ञेसाठी तो पुन्हा चढवण्याचा काहीही परिणाम होत नव्हता. आधीची आज्ञा संपली, बिट उतरला, इंटरप्ट (काम झाल्याचा नियंत्रकाचा इशारा) आला, आणि ड्रायव्हरने सतराव्या टॅगवर त्या क्षणी जी रिक्वेस्ट होती ती पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आधीची रिक्वेस्ट पुन्हा रांगेत असल्यामुळे ती यथावकाश दुसऱ्यांदा लिहिली गेली, म्हणून कोणत्याही प्रोग्रामला त्रुटी म्हणून काहीच मिळाले नाही. हरवली ती नवी.

याच्याच शेजारी दुसरी, अधिक अरुंद रेस होती. टाइमआउटचा हँडलर एका प्रोसेसरवर निर्णय घेत असताना इंटरप्ट दुसऱ्या प्रोसेसरवर पोहोचला, तर दोघेही एकाच रिक्वेस्टचा शेवट करत होते आणि कर्नल कोसळत होता. हे आमच्याकडे वर्षभरात दोनदाच झाले. त्याचे मूळ इतिहासात सापडले. हा ड्रायव्हर ४.९ साठी लिहिलेला होता. त्या काळात ब्लॉक स्तर स्वतः एका अॅटॉमिक बिटाने ठरवत असे की टाइमआउट आणि पूर्तता यांपैकी जो पहिला पोहोचेल त्याचेच चालेल. २०१८ मध्ये, ४.१६ ते ४.१८ या आवृत्त्यांत, ती व्यवस्था दोनदा बदलली आणि शेवटी दोघांमधला समन्वय राखण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आली. ५.१० वर आणताना हा ड्रायव्हर कंपाइल होईल इतकाच बदलला होता. खालून आधार काढून घेतला गेल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण कंपायलरला त्याबद्दल म्हणण्यासारखे काही नव्हते.

दुरुस्ती, आणि जी दुरुस्ती नव्हे ती

बोर्ड विकणाऱ्यांकडून सल्ला आला तो मुदत वाढवण्याचा. मुदत ३० सेकंद करणे योग्यच आहे आणि आम्ही ती केली, पण तेवढ्याने दोष तीन आठवड्यांवरून कदाचित तीन वर्षांवर गेला असता आणि त्या वेळी कुणाकडे हा ट्रेस नसता. माझा स्वतःचा पहिला प्रयत्नही तितकाच निकामी होता: दोन्ही हँडलरांभोवती एकच स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप). त्याने दुहेरी पूर्तता थांबली, हरवलेले लिखाण थांबले नाही, कारण तिथे दोघे एकाच वेळी आत येतच नव्हते. पहिला निघून गेल्यावर दुसरा शांतपणे येऊन चुकीच्या माणसाला पावती देत होता. वर मी लॉक घेताना इंटरप्ट बंद केले नव्हते, त्यामुळे त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला तेव्हा यंत्र जागच्या जागी गोठले, ते वेगळेच.

टिकलेली दुरुस्ती अशी आहे. टाइमआउटचा हँडलर आधी नियंत्रकाचे पूर्तता रजिस्टर वाचतो. काम झालेले असून केवळ इंटरप्टला उशीर झाला असेल, तर तो फक्त मुदत पुन्हा सुरू करतो आणि शेवट इंटरप्टच्या वाटेवरच होऊ देतो. काम झालेले नसेल तर नियंत्रक थांबवतो, त्या खाचेची आज्ञा रद्द करतो, डोअरबेलचा बिट उतरल्याची खात्री करतो आणि चालू असलेला इंटरप्ट हँडलर संपेपर्यंत थांबतो. टाइमआउटचे काम वर्कक्यूमध्ये (कर्नलच्या मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेत) चालत असल्यामुळे तिथे असे थांबता येते. एवढे झाल्यावरच रिक्वेस्ट रांगेत परत जाते आणि टॅग मोकळा होतो. प्रत्येक आज्ञेची अवस्था ‘चालू’ वरून ‘पूर्ण’ किंवा ‘रद्द’ यांपैकी एकाच दिशेला कंपेअर-एक्स्चेंजने (तुलना आणि बदल एकाच अखंड पायरीत करणाऱ्या क्रियेने) बदलते. ज्याला बदलता आली त्यालाच पुढे जाण्याचा अधिकार, दुसरा मुकाट्याने परततो. साध्या वाचून-लिहिण्याने हे करू नये. एआरएमवर मेमरीतील लिखाणांचा क्रम दुसऱ्या प्रोसेसरला वेगळा दिसू शकतो, आणि लॅपटॉपच्या एक्स८६ वर बिनघोर चाललेला प्रकार बोर्डावर चालेलच असे नाही.

टॅगसोबत पिढीचा क्रमांकही पाठवणे हा याहून नेटका मार्ग. एनव्हीएमई या प्रकारच्या एसएसडीच्या ड्रायव्हरमध्ये आज्ञेच्या १६ बिटांच्या ओळखीपैकी १२ बिट टॅगसाठी आणि ४ बिट पिढीसाठी ठेवलेले असतात, त्यामुळे मागच्या पिढीचे उत्तर आले तर ते ओळखून टाकून देता येते. आमचा नियंत्रक फक्त खाचेचा क्रमांक परत देतो, पिढीला जागाच नाही, म्हणून आम्ही उलट बाजूने पहारा बसवला: कोणतीही आज्ञा पाठवण्यापूर्वी तिच्या खाचेचा बिट आधीच चढलेला असेल तर ड्रायव्हर ती पाठवण्यास नकार देतो, लॉगमध्ये इशारा लिहितो आणि एक गणक वाढवतो.

तपासणी किती वेळ चालवावी, याचा हिशेब आधी करावा. दोष सरासरी अकरा मिनिटांनी येत असेल, तर तेहतीस मिनिटे स्वच्छ गेल्यावरही तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता सुमारे पाच टक्के उरते. एवढ्यावर समाधान मानून डबा पुन्हा खाडीकाठी नेणे मला पटले नाही. १२० मिलिसेकंदांच्या त्याच जाचक मुदतीवर चाचणी सलग चार रात्री चालवली. त्या मुदतीत टाइमआउट हजारोंनी झाले, फेरीची संख्या कुठेही मागे राहिली नाही.

कारखान्यात यंत्र पुन्हा बसवून आता एक पूर्ण हंगाम झाला आहे. वीज परतल्यानंतरच्या गर्दीत टाइमआउट सहा वेळा झाले, पहाऱ्याचा गणक शून्यावर आहे आणि व्यवस्थापकांच्या वहीतल्या तासागणिक आकड्यांशी फाइली जुळतात. ही दुरुस्ती बोर्ड विकणाऱ्यांना पाठवली आहे, पण त्यांच्या पुढच्या कर्नल-संचात ती अजून आलेली नाही. म्हणून हा बोर्ड वापरणाऱ्यांनी संच अद्ययावत केल्यावर, यंत्र जागेवर नेण्यापूर्वी, ड्रायव्हरच्या टाइमआउट हँडलरमध्ये टॅग मोकळा करण्याच्या आधी आज्ञा रद्द होते की नाही, तेवढे उघडून पाहावे.